व्हीलॅन हाताने लावायचे की स्विचांवर सोडायचे? किनाऱ्यावरच्या नेटवर्कसाठी चार पर्यायांची तुलना

स्विच दहा-बाराच्या पुढे गेले की हा प्रश्न येतोच. गणपतीपुळ्याकडचं रिसॉर्ट असो, लोटे परशुरामचा कारखाना असो किंवा रत्नागिरीतलं तीन इमारतींचं कॉलेज: सीसीटीव्हीसाठी नवा व्हीलॅन (त्याच स्विचांवरचं वेगळं, आभासी नेटवर्क) काढला की तो प्रत्येक ट्रंक पोर्टवर (स्विच-ते-स्विच दुव्याच्या पोर्टवर) हाताने टॅग करायचा, की स्विचांना आपसात ठरवू द्यायचं? पर्याय चार आहेत: हाताने केलेली स्थिर मांडणी, जीव्हीआरपी, एमव्हीआरपी आणि सिस्कोचं व्हीटीपी. शेवटचे तीन म्हणजे स्विचांनी व्हीलॅनची माहिती एकमेकांना कळवायचे प्रोटोकॉल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. जीव्हीआरपी किंवा एमव्हीआरपी चालू केलं म्हणून कॅमेऱ्याचा पोर्ट आपोआप कॅमेऱ्याच्या व्हीलॅनमध्ये जात नाही. हे प्रोटोकॉल फक्त स्विच-ते-स्विच दुव्यांवरची सदस्यता सांभाळतात. टोकाचा पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये, ते तुम्हालाच सांगावं लागतं, नाहीतर ८०२.१एक्स (पोर्टला जोडणाऱ्याची ओळख विचारण्याचं मानक) आणि ती ओळख पडताळणारा रेडियस सर्व्हर लावावा लागतो. बाजारात दोन्हींना ‘डायनॅमिक व्हीलॅन’च म्हणतात, त्यामुळे कोटेशन घेताना नक्की काय मिळणार ते विचारून घ्या.

नोंदणी चालते कशी

एखाद्या स्विचवर व्हीलॅन ३० स्थिर असेल, तर तो आपल्या ट्रंकवरून ‘मला ३० हवा’ अशी घोषणा करतो. ज्या पोर्टवर ही घोषणा *येते*, तो पोर्ट व्हीलॅन ३० चा सदस्य होतो, आणि तो स्विच घोषणा आपल्या बाकीच्या पोर्टांवरून पुढे पाठवतो. आली त्या पोर्टावरून परत पाठवत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो. कोअर (मधल्या मुख्य) स्विचवर ३० काढला आणि टोकाच्या स्विचवर काहीच केलं नाही, तर टोकाच्या स्विचवर ‘३०, डायनॅमिक, अपलिंक पोर्ट’ अशी नोंद दिसते (अपलिंक म्हणजे कोअरकडे जाणारा दुवा). बघणाऱ्याला वाटतं झालं काम. पण टोकाच्या स्विचने उलट घोषणा केलेलीच नसते, म्हणून कोअरचा त्या दिशेचा पोर्ट ३० मध्ये नसतो आणि खालच्या दिशेने एकही फ्रेम (डेटाचं पाकीट) जात नाही. टोकाच्या स्विचवरही ३० स्थिर काढून त्यात पोर्ट टाकला, की मगच दोन्ही बाजू जुळतात. त्यामुळे पडताळणी करायची ती नेहमी दुव्याच्या दोन्ही टोकांवर.

शेजारी-शेजारी

| | स्थिर | जीव्हीआरपी | एमव्हीआरपी | व्हीटीपी आवृत्ती ३ |
|---|---|---|---|---|
| मानक | ८०२.१क्यू | ८०२.१क्यू, १९९८ | ८०२.१एके, २००७ | सिस्कोचं स्वतःचं |
| काय पसरतं | काही नाही | दुव्यागणिक सदस्यता | दुव्यागणिक सदस्यता | व्हीलॅनची यादी |
| रीबूटनंतर | सगळं जागेवर | पुन्हा शिकावं लागतं | पुन्हा शिकावं लागतं | सर्व्हरकडे यादी साठवलेली असते |
| वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच | चालतात | जुने बरेच | नवे, पण विचारून घ्या | नाही |

जीव्हीआरपी आणि एमव्हीआरपी यांत खरा फरक संदेशाच्या बांधणीचा आहे. जीव्हीआरपीत प्रत्येक व्हीलॅनला चार बाइट लागतात, म्हणजे सगळे ४०९४ व्हीलॅन सांगायचे तर सोळा हजारांहून जास्त बाइट आणि दहाहून अधिक फ्रेम. एमव्हीआरपी एका बाइटमध्ये तीन व्हीलॅनची स्थिती बसवतं, त्यामुळे तोच मजकूर १३६५ बाइटमध्ये, एकाच फ्रेममध्ये मावतो. तुमच्याकडे वीस-पंचवीसच व्हीलॅन असतील तर या बचतीने काही बिघडत-सुधारत नाही, हे खरं. तरी एमव्हीआरपीत ‘नवा’ असा वेगळा संदेश आहे. रिंगची (वर्तुळात जोडलेल्या स्विचांची) वाट बदलली की कुठलं उपकरण कुठल्या पोर्टवर ते सांगणारे जुने मॅक पत्ते तेवढ्या व्हीलॅनपुरते लगेच पुसले जातात, आणि हा फायदा छोट्या नेटवर्कलाही मिळतो.

दोन्ही एकाच मल्टिकास्ट (एका वेळी अनेकांसाठीच्या) पत्त्यावर बोलतात, ०१-८०-सी२-००-००-२१, पण भाषा वेगळी. एका टोकाला जीव्हीआरपी आणि दुसऱ्याला एमव्हीआरपी असेल तर ती एकमेकांशी बोलत नाहीत. जुने स्विच शिल्लक असतील तर सगळीकडे जीव्हीआरपी ठेवा किंवा त्या दुव्यापुरती मांडणी स्थिर करा.

व्हीटीपीबद्दल थोडक्यात. आवृत्ती १ आणि २ मध्ये ज्याच्याकडे रिव्हिजन क्रमांक (यादी बदलली की वाढणारा आकडा) मोठा, त्याची यादी खरी मानली जाते. कपाटात पडलेला जुना स्विच त्याच व्हीटीपी डोमेनचा (गटाचा) असेल आणि त्याचा क्रमांक मोठा असेल, तर तो ट्रंकला लावताच बाकीच्यांची यादी पुसू शकतो, अगदी क्लायंट मोडमध्ये (ज्यात त्याच्यावर यादी बदलता येत नाही) असला तरी. लावण्याआधी त्याला ट्रान्सपरंट मोडमध्ये (ज्यात तो इतरांची यादी स्वीकारत नाही) टाकलं की क्रमांक शून्य होतो. आवृत्ती ३ मध्ये यादी बदलण्याचा अधिकार फक्त प्रायमरी सर्व्हरला असतो आणि १००६ ते ४०९४ हे व्हीलॅनही चालतात. सगळे स्विच सिस्कोचेच असतील तर ही आवृत्ती बघा. इतरांनी व्हीटीपीच्या वाटेला जाऊ नये.

किनाऱ्यावर निर्णय कशाने फिरतो

पुस्तकी तुलनेत व्हीलॅन किती आणि स्विच किती, एवढंच पाहतात. आपल्याकडे तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: दुवा किती वेळा तुटतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवेत मीठ असतं, आणि दोन इमारतींमधली फायबर पुष्कळदा माडांवरून ओढलेली असते. एक झावळ पडली की पुरे.

डायनॅमिक नोंदणी ही जिवंत नोंद आहे. साधारण दर १० सेकंदांनी ‘लीव्ह-ऑल’ हा संदेश जातो, म्हणजे सगळ्यांनी आपली गरज पुन्हा सांगा. त्यानंतर लीव्ह टायमर संपायच्या आत, मूळ सेटिंगमध्ये ६०० मिलिसेकंदांत, घोषणा पुन्हा यावी लागते. जॉइन टायमर २०० मिलिसेकंदांचा आणि घोषणा दोनदा जाते. दोन्ही हरवल्या तर दुवा चालू असूनही त्या पोर्टवरून व्हीलॅन निघून जातो आणि पुढच्या घोषणेला परत येतो. वापरणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की कॅमेरा अधूनमधून काळा पडतो. केबल तपासली तर ठीक, पिंग केलं तर ठीक, आणि माणूस परत गेला की पुन्हा काळा.

वाय-फायवर आधारलेल्या वायरलेस ब्रिजवर हे जास्त होतं, कारण बऱ्याच ब्रिजवर मल्टिकास्ट फ्रेमला पोच नसते: हरवली ती हरवली. खाडीपलीकडची इमारत अशा ब्रिजने जोडली असेल तर त्या दुव्यावर डायनॅमिक नोंदणी चालू करूच नका. दोन्ही टोकांना व्हीलॅन स्थिर टॅग करा आणि त्या पोर्टवर प्रोटोकॉल बंद ठेवा.

तांब्याच्या केबलचं दुखणं निराळं. खाऱ्या हवेत स्वस्त आरजे-४५ ची टोकं हिरवी पडतात, लिंक दिवसातून वीसदा वर-खाली होते आणि दर वेळी नोंदणी पुन्हा पहिल्यापासून. ५० मायक्रोइंच सोन्याचा मुलामा असलेले कनेक्टर घ्या. बाहेरच्या भिंतीवर जोड ठेवूच नका. जांभा पाणी धरून ठेवतो आणि त्यावर ठोकलेल्या डब्यात जूनपासून ओलच असते.

एवढं ऐकून स्थिर मांडणीच बरी असं वाटेल. पण तिचीही एक ठरलेली चूक आहे. चौदा स्विचांची रिंग घ्या: चौदा दुवे, अठ्ठावीस पोर्ट. नवा व्हीलॅन अठ्ठावीस ठिकाणी टॅग करायचा, आणि स्पॅनिंग ट्रीने (फ्रेम रिंगमध्ये गोल फिरत राहू नयेत म्हणून एक दुवा बंद ठेवणाऱ्या प्रोटोकॉलने) बंद ठेवलेल्या राखीव दुव्यावर टाकायचं राहून जातं, कारण त्या वेळी तो नसला तरी सगळं चालतं. जुलैत मुख्य फायबर तुटते, रिंग राखीव वाटेने वळते, आणि नेमका नवा व्हीलॅन तेवढा गायब. डायनॅमिक नोंदणीत हे होत नाही. वाट बदलली की घोषणा नव्या वाटेने जाते, प्रत्येक टप्प्याला फार तर २०० मिलिसेकंद, म्हणजे सहा टप्प्यांना सव्वा सेकंदाच्या आत. फायबरच्या रिंगसाठी आमचं मत म्हणूनच एमव्हीआरपीच्या बाजूने आहे.

मांडणी करताना

मॅनेजमेंटचा व्हीलॅन सगळ्या स्विचांवर, सगळ्या अपलिंकवर स्थिरच ठेवा. तो डायनॅमिक ठेवला आणि नोंद गेली, तर दुरुस्तीसाठी लॉगिन करायची वाटही गेली. मग पावसात मालवणहून देवबागेत स्विचपाशी जाऊन कन्सोल केबल लावावी लागते.

अपलिंक आधी ट्रंक करा. ह्युआवेसारख्या काही स्विचांवर ट्रंकवर सगळे व्हीलॅन जाऊ द्यायची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती नसेल तर नोंदणी चालू असूनही नव्या व्हीलॅनला वाट मिळत नाही. मग प्रोटोकॉल आधी पूर्ण स्विचवर, नंतर फक्त अपलिंक पोर्टांवर चालू करा. टोकाच्या पोर्टांवर तो स्पष्टपणे बंद करा. तो चालू राहिला तर पाहुण्यांच्या खोलीतल्या जॅकला लॅपटॉप लावून कोणीही हिशोबाच्या व्हीलॅनची घोषणा करू शकतो, आणि स्विच इमानेइतबारे तो त्याच्यापर्यंत पोचवतो. लिनक्समध्ये व्हीलॅन इंटरफेस काढताना एक पर्याय दिला की अशी घोषणा जाते, त्यासाठी वेगळं हत्यार लागत नाही.

नोंदणीचे तीन मोड असतात. ‘नॉर्मल’मध्ये पोर्ट शिकतो आणि विसरतो. ‘फिक्स्ड’मध्ये तो फक्त स्थिर व्हीलॅन धरतो आणि आलेले संदेश मानत नाही. ‘फॉरबिडन’मध्ये व्हीलॅन १ सोडून काहीच नाही. रिंगच्या पोर्टांना नॉर्मल, इंटरनेट देणाऱ्याच्या राउटरकडे जाणाऱ्या पोर्टाला फिक्स्ड. एचपीच्या प्रोकर्व्ह घराण्यात हीच गोष्ट ‘अननोन व्हीलॅन’ या नावाखाली लर्न, ब्लॉक, डिसेबल अशा शब्दांत येते.

टायमर बदलायचे तर सगळ्या स्विचांवर सारखे ठेवा. लीव्ह हा जॉइनच्या दुपटीहून मोठा आणि लीव्ह-ऑल हा लीव्हहून मोठा असावा लागतो. म्हणून वाढवताना सुरुवात लीव्ह-ऑलपासून करा, नाहीतर स्विच आकडा नाकारतो. एकक बघा: बऱ्याच स्विचांवर आकडा सेंटिसेकंदांत असतो, तिथे २० म्हणजे २०० मिलिसेकंद. दुवा अधूनमधून फ्रेम गाळत असेल तर लीव्ह ६० वरून ३०० करून बघा. याची किंमत अशी, की खरंच निघून गेलेला व्हीलॅन तीन सेकंद रेंगाळतो. ती परवडते.

मध्येच एखादा असा स्विच असेल की ज्याला हा प्रोटोकॉल येत नाही, तर सावध राहा. तो हे संदेश अडवत नाही, साध्या मल्टिकास्टसारखे पुढे ढकलतो. दोन्ही टोकांना नोंद व्यवस्थित दिसते, पण मधल्या स्विचवर तो व्हीलॅनच नसल्यामुळे टॅग केलेल्या फ्रेम तिथे गळतात. नोंद आहे आणि डेटा नाही, असं दिसलं की आधी मध्ये कोण बसलंय ते शोधा.

छोट्या स्विचांची व्हीलॅनची मर्यादाही तपासा. काही ६४ वर थांबतात. पासष्टावा गुपचूप नाकारला जातो.

नजर ठेवणं

स्थिर मांडणीत नजर ठेवण्यासारखं फारसं नसतं; कॉन्फिगची रोजची प्रत घेऊन कालच्याशी ताडली की झालं. डायनॅमिकमध्ये ते पुरत नाही, कारण शिकलेले व्हीलॅन सेव्ह केलेल्या कॉन्फिगमध्ये येतच नाहीत. चालू स्थिती विचारावी लागते, आणि त्यासाठी एसएनएमपीवरचा (उपकरणांना त्यांची स्थिती विचारण्याच्या प्रोटोकॉलवरचा) क्यू-ब्रिज मिब (विचारता येणाऱ्या आकड्यांची यादी), म्हणजे आरएफसी ४३६३, कामाला येतो.

सगळ्यात उपयोगी आकडा म्हणजे आतापर्यंत किती व्हीलॅन नोंदी पुसल्या गेल्या: १.३.६.१.२.१.१७.७.१.४.१.०. याचा आलेख काढा. सुदृढ नेटवर्कमध्ये रेघ सपाट राहते. पायऱ्या दिसू लागल्या तर कुठला तरी दुवा फडफडतोय. या आकड्यात फक्त पूर्ण व्हीलॅन गेला तरच भर पडते. एकच पोर्ट बाहेर पडला आणि व्हीलॅन दुसऱ्या पोर्टवर जिवंत असेल तर इथे काही कळत नाही. त्यासाठी त्या व्हीलॅनच्या सदस्य पोर्टांची यादी दर मिनिटाला वाचून ताडावी लागते. व्हीलॅनची स्थिती १.३.६.१.२.१.१७.७.१.४.२.१.६ मध्ये मिळते: २ म्हणजे कायमचा, ३ म्हणजे जीव्हीआरपीने आलेला. पोर्टगणिक फसलेल्या नोंदण्या ...४.५.१.५ मध्ये आणि शेवटचा संदेश कुठल्या मॅक पत्त्यावरून आला ते ...४.५.१.६ मध्ये. टोकाच्या पोर्टावर हा शेवटचा पत्ता स्विचचा नसून लॅपटॉपचा निघाला, तर प्रोटोकॉल बंद करायचा राहिला आहे.

चालू करण्याआधी एक चाचणी कराच: सगळ्या स्विचांची वीज एकदम घालवा आणि परत द्या. इथे ते रोज होणारच आहे. यूपीएसवरचा कोअर आधी उठतो, टोकाचे मागून, आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर मधल्याच वेळात पत्ता मागून थकलेला असतो. कुठला व्हीलॅन किती सेकंदांनी परत आला ते घड्याळ लावून लिहून ठेवा.

कोणी काय घ्यावं

स्विच आठांच्या आत आणि वर्षाला दोन-चारच व्हीलॅन बदलत असतील, तर स्थिर. फक्त अपलिंकचे कोष्टक कागदावर ठेवा आणि राखीव दुव्याला त्यात पहिली ओळ द्या. फायबरची रिंग, दहाच्या वर स्विच आणि ते सगळे एमव्हीआरपी जाणणारे असतील, तर रिंगवर एमव्हीआरपी, बाकी सगळीकडे स्थिर. जुनी प्रोकर्व्ह पेटी अजून चालत असेल तर तिच्यासाठी जीव्हीआरपी चालेल, पण त्यासाठी नवा स्विच घेऊ नका. आणि दोन इमारतींमध्ये वायरलेसच असेल, तर आधी फायबरचा खर्च काढा. तोवर त्या दुव्यावर सगळं हाताने.