गाडी जहाजात चढायच्या आधीच तपासणारे वास्कोचे क्लिअरिंगवाले

दादा-वहिनी सहा वर्षांनी इंग्लंडहून कायमचे फोंड्याला परत आले आणि येताना स्वतःची गाडी घेऊन आले. त्या गाडीचं सगळं काम वास्कोच्या ह्या क्लिअरिंग ऑफिसनं, म्हणजे बाहेरून आलेला माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्यांनी केलं, तर जे आवडलं ते आणि जे खटकलं ते दोन्ही लिहिते, कारण आम्ही विचारत फिरत होतो तेव्हा धड माहिती कुणाकडेच मिळाली नाही.

पहिलं सांगते, पैशाच्या हिशेबानं हे परवडत नाही. वापरलेल्या गाडीवरची ड्यूटी आणि वरचे कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतात, तेवढ्यात इथं शोरूममधून नवी कोरी येते. आमचं कारण वेगळं होतं. वहिनीच्या कमरेच्या ऑपरेशननंतर दादानं तिथं पुढची सीट बदलून घेतली होती, ती दाराबाहेर पूर्ण वळते, वहिनी कुणाचा हात न धरता बसते-उतरते. नुसती सीट काढून आणायचंही विचारलं पण ती त्याच मॉडेलची, दुसऱ्या गाडीत बसत नाही म्हणाले. मग गाडीच आणायची ठरलं.

आधी एका दुसऱ्या एजंटाकडे गेलो होतो, नाव लिहीत नाही. त्यानं पाच मिनिटांत 'सगळं होऊन जातं' म्हटलं, गाडी इथं मुरगाव बंदरातच उतरवू म्हणाला, तिथलं एमओटीचं, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीचं सर्टिफिकेट असलं की इथं कोण काय विचारत नाही म्हणाला, आणि लगेच ॲडव्हान्स. दादानं तिकडून फोनवर सांगितलं की अगं एमओटी अजून झालेलीच नाही, तिथं गाडी तीन वर्षांची झाल्यावर पहिली एमओटी लागते. तेव्हा मला शंका आली, कारण आपल्याकडे बाहेरून आणायची जुनी गाडी तीन वर्षांपेक्षा जास्त जुनी चालतच नाही, म्हणजे इथं आणता येईल अशा बहुतेक गाड्यांची तिथं एमओटी झालेलीच नसणार, आणि हा माणूस तेच सर्टिफिकेट मागतोय! ह्यानं असं काम कधी केलंय की नाही देव जाणे.

मग ओळखीतून ह्या ऑफिसचं कळलं. जून 2024 ची गोष्ट, धो धो पाऊस, मी बाबांना घेऊन गेले. आत एक वयस्क गृहस्थ आहेत, सगळे त्यांना बाब म्हणतात. त्यांनी पैशाचं नावच काढलं नाही, आधी स्टिअरिंग कुठल्या बाजूला ते विचारलं. उजवीकडे म्हटल्यावर 'मग बसा' म्हणाले. आमच्या आधी एकजण कुवेतहून आलेला बसला होता, त्याला मोठी एसयूव्ही आणायची होती, त्याला सरळ नाही म्हणून सांगितलं, डावीकडचं स्टिअरिंग असलं की विषय संपला, आणि त्याच्याकडून एक रुपया घेतला नाही. मला तिथंच विश्वास वाटला.

पुढचा प्रश्न गाडी कधी बनली. आम्ही रजिस्ट्रेशनचा कागद पुढं केला, जानेवारी 2022. बाब म्हणाले हे नको, कारखान्यातून कधी निघाली ते सांगा, तीन वर्षं तिथून मोजतात. दादाला फोन लावला तर ऑक्टोबर 2021! म्हणजे आमच्या हातात सात महिने आहेत असं आम्ही धरून चाललो होतो, ते खरे चारच होते, आणि तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येत होती त्यात दहा-बारा दिवस आणखी जायचे. हे कुणी सांगितलं नसतं तर गाडी मुंबईत पोचून अडकली असती. हो, मुंबईतच, वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातून येऊ शकते, ऑफिस मुरगाव बंदरापासून हाकेच्या अंतरावर असलं तरी गाडी मुंबईलाच उतरवावी लागते, ह्यांचा माणूस मुंबईत जाऊन काम करतो.

मग डायलचा फोटो मागवला. इंग्लंडात मैल चालतात, आपल्याकडे स्पीडोमीटर किलोमीटरमध्येच लागतो. दादाच्या डायलवर बाहेर मोठे मैलांचे आकडे आणि आत बारीक किलोमीटर, आम्हाला वाटलं आहेत की किलोमीटर. बाबनी फोटो झूम करून दाखवला आणि हे मी पाठवणार नाही, तिथंच बदलून घ्या म्हणाले. दादानं डीलरकडून किलोमीटरचा क्लस्टर, म्हणजे अख्खा डायलच नवा बसवून घेतला. आणि इथं ह्यांचं काम मला खरंच आवडलं, नुसतं बदलून भागत नाही, जुना डायल 14,200 मैल दाखवत होता आणि नवा 22,853 किलोमीटर, हे दोन्ही आकडे तारखेसकट डीलरच्या लेटरहेडवर घ्यायला लावले, नाहीतर मीटरशी खेळलाय असं कुणालाही वाटेल. बाबनी माझ्यासमोर कॅल्क्युलेटरवर 1.60934 नं गुणून आकडा जुळवून बघितला. सीट बसवणाऱ्याचंही सर्टिफिकेट मागवलं, बेल्टचे बोल्ट मूळ जागीच आहेत असं त्यात लिहून घेतलं. हेडलाइटची काळजी नव्हती, इंग्लंडातही आपल्यासारखं डावीकडूनच चालवतात, त्यामुळे डिपरचा झोत डावीकडे कडेला वर चढतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जात नाही, तो तसाच चालतो.

गाडी चढवायच्या आधी तिथल्या टेस्टिंग एजन्सीचं सर्टिफिकेट लागलं, पुढची पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्यालायक आहे असं, आणि तेवढी वर्षं भारतात तिची सर्व्हिस मिळेल ह्याची हमीही. कंपनीची सर्व्हिस आपल्याकडे आहे म्हणून ते सुटलं. नसती तर हे काम हातात घेतलं नसतं असं बाब स्पष्ट बोलले.

जहाजाच्या कागदांचा ड्राफ्ट आला तेव्हा चेसिस नंबर आम्ही तिघांनी वाचला होता, सतरा अक्षरं, कुणाला काही दिसलं नाही. ऑफिसातल्या एका मुलीनं बघितल्या बघितल्या चूक धरली, शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप झाला होता. ती म्हणाली चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, म्हणून ओ दिसला की चूक. एका अक्षरासाठी कस्टम्समध्ये आठवडे गेले असते, जहाज सुटायच्या आत दुरुस्त झालं.

गाडी ऑगस्टच्या शेवटी मुंबईत उतरली. कस्टम्स सोडायच्या आधी ती इथल्या टेस्टिंगला द्यावी लागते, आमची पुण्याला एआरएआय ह्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गेली, चालवत नाही, कॅरिअरवर. तिथून काही त्रुटी निघाली नाही. मला वाटतं निघायला काही ठेवलंच नव्हतं, जे बघायचं ते सगळं तिकडेच बघून झालं होतं. हे खरं काम आहे, कारण मैलाचा डायल मुंबईत सापडला तर तो बदलेपर्यंत बंदराचं भाडं रोज चढत राहतं.

आता तक्रार. बंदराच्या भाड्याचं आधी नीट सांगितलं नाही. मध्येच चतुर्थी आली, ऑफिस आठवडाभर बंद, मुंबईतही सगळं ढिलं, आणि त्या दिवसांचं बिल आमच्यावर आलं. चतुर्थीला कुणी काम करत नाही ते मान्य, आमचंही घर भरलेलं होतं, पण 7 सप्टेंबरची चतुर्थी जूनमध्येही कॅलेंडरवर होतीच, तेवढा खर्च धरायला सांगायला हवा होता. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत, गाडी मुंबईत अडकलेली असताना ते तीन तास काढणं कठीण जातं. फी मात्र जेवढी सांगितली तेवढीच घेतली.

फोंड्याच्या आरटीओत ह्यांचा मुलगा स्वतः आला होता. इन्स्पेक्टरनी चेसिसच्या पत्र्यावर कागद धरून पेन्सिल घासली, नंबर हळूहळू उमटला, आणि त्यांनी तो बिल ऑफ एंट्रीशी, म्हणजे कस्टम्सच्या आयातीच्या कागदाशी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवला. मी शून्याकडेच बघत होते. दिवाळीतल्या नरकासुराच्या दोन दिवस आधी पासिंग झालं, वहिनीनं त्याच संध्याकाळी सीट फिरवून एकटीनं पाय आत घेतले आणि आम्ही म्हार्दोळला देवळात जाऊन आलो.

तुम्ही जाणार असाल तर डायलचा फोटो, स्टिअरिंगचा फोटो आणि गाडी बनल्याचा महिना घेऊनच जा, आणि सकाळी अकराच्या आत पोचा.