केट बुशची ‘हाउंड्स ऑफ लव्ह’: रेकॉर्डच घ्या, आणि बी बाजूसाठी घ्या

सतरा वर्षं मी जहाजावर काढली. आता साउदॅम्प्टनला किनाऱ्यावरची नोकरी करतो, जहाजांवरच्या सुरक्षेच्या सामानाची तपासणी. लाइफजॅकेट, त्यावरची शिट्टी, त्यावरचा दिवा, राफ्ट, फ्लेअर, हे सगळं रोज हातात असतं. हे आधी सांगतो, कारण केट बुश या ब्रिटिश पॉप गायिकेच्या 1985 सालच्या रेकॉर्डबद्दल मला इतकं का लिहावंसं वाटलं, ते त्याशिवाय कळणार नाही.

2022 च्या उन्हाळ्यात मुलगी फोन घेऊन आली, “बाबा, हे ऐक ना.” गाणं होतं याच रेकॉर्डमधलं, ‘रनिंग अप दॅट हिल’. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत ते वाजलं आणि तिच्या वर्गातल्या सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. जूनमध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, निघाल्यानंतर 37 वर्षांनी. 1985 साली ते तिसऱ्या क्रमांकावर थांबलं होतं. मला गाणं आवडलं, पण मी फोनवर तेवढंच ऐकत राहिलो. मग एका शनिवारी रेकॉर्डच्या दुकानात हे कव्हर दिसलं: जांभळट रंगात केट आडवी पडलेली, दोन्ही बाजूंना तिचे कुत्रे. फोटो तिच्या थोरल्या भावानं, जॉन कार्डर बुशनं काढलेला. पंचवीस पाउंडांच्या आसपास दिले आणि घेऊन आलो.

पहिली प्रत वाकडी निघाली. सुई होडीसारखी वरखाली होत होती. दुकानात परत नेली. त्यांनी आधी माझ्याच प्लेअरवर संशय घेतला, पण बदलून दिली. तुम्ही घ्याल तेव्हा घरी गेल्या गेल्या रेकॉर्ड प्लेअरवर फिरवून बाजूनं बघा, आणि पावती टाकू नका.

माझी प्रत 2018 च्या रीमास्टरची आहे, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्यानं साफ करून काढलेली. ते काम केटनं जेम्स गथ्री या साउंड इंजिनिअरबरोबर स्वतः केलं आणि लेबलही तिचंच, फिश पीपल. आवाज स्वच्छ आहे. आतलं पाकीट मात्र कागदी आहे, त्याचा भुसा रेकॉर्डवर बसतो. मी प्लॅस्टिकच्या अस्तराचं पाकीट वेगळं घेतलं, दोन पाउंडांत काम झालं.

ही बाई कोण, कुठून आली, ते थोडं सांगायला हवं, कारण रेकॉर्ड ऐकताना ते सारखं आठवतं. जन्म 30 जुलै 1958, बेक्सलीहीथ. वेलिंगच्या जुन्या शेतघरात वाढली. वडील डॉक्टर, आई आयर्लंडहून आलेली नर्स, दोन्ही थोरले भाऊ गाण्याबजावण्यातले. शाळकरी वयातच गाण्यांचा ढीग तयार होता. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या डेव्हिड गिल्मरनं तिची गाणी ऐकली, स्वतः खटपट करून नीट रेकॉर्ड करून घेतली, आणि सोळाव्या वर्षी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं तिला करारावर घेतलं. 1978 मध्ये तिचं ‘वदरिंग हाइट्स’ हे गाणं चार आठवडे पहिल्या क्रमांकावर. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. स्वतः लिहिलेलं गाणं गाऊन ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवणारी ती पहिली बाई. 1979 ला एकच दौरा केला; त्यात तारेच्या हँगरपासून बनवलेला माइक डोक्याला लावून ती नाचत गायली. त्यानंतर दौरा नाहीच.

1982 चा ‘द ड्रीमिंग’ हा अल्बम तिनं पहिल्यांदा एकटीनं प्रोड्यूस केला. लोकांना तो जड गेला, कंपनीही नाराज होती. दुसरी कोणी असती तर पुढच्या वेळी मुकाट्यानं कंपनीच्या मनासारखं केलं असतं. केट शेतघरी परतली आणि तिथंच स्वतःचा स्टुडिओ बांधून घेतला. लंडनच्या स्टुडिओंचं भाडं चढत जातं तसा जीव टांगणीला लागतो. इथं घाई करायला सांगणारं कुणी नव्हतं. ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ या घरच्या स्टुडिओत घडला, आणि मला तर तो घरचेपणा ऐकू येतो. नावापुरती एक तडजोड तिनं केली. ‘रनिंग अप दॅट हिल’चं मूळ नाव ‘अ डील विथ गॉड’. देवाचं नाव शीर्षकात असेल तर धार्मिक देशांत रेडिओवर लावणार नाहीत, अशी कंपनीला भीती होती. तिनं नाव बदललं, शब्द बदलले नाहीत.

ए बाजूबद्दल थोडक्यात: पाच गाणी, एकवीस मिनिटं, एकही टाकाऊ नाही. ‘क्लाउडबस्टिंग’ मोठ्या आवाजात लावा. तंतुवाद्यं पावलांसारखी पडत जातात. ‘रनिंग अप’ला डेल पामरनं लिनड्रम या ड्रम मशीनवर बसवलेला ठेका स्पीकरवर छातीत लागतो, फोनवर तो नुसता टकटक वाटायचा.

आता बी बाजू. सात गाणी, एकच गोष्ट, नाव ‘द नाइन्थ वेव्ह’. रात्रीच्या समुद्रात एक बाई एकटी तरंगते आहे. अंगात लाइफजॅकेट, त्यावर छोटा दिवा. बस्स.

मी सेकंड ऑफिसर असताना एका रात्री बिस्केच्या उपसागरात आमचं जहाज शोधाला वळवलं होतं. मासेमारीच्या बोटीवरचा माणूस पाण्यात पडला होता. ब्रिजच्या विंगवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या बाहेरच्या सज्जावर उभा राहून मी चार तास एक दिवा शोधत होतो. नियमाप्रमाणे तो दिवा किमान आठ तास जळायला हवा आणि त्याचा उजेड पाऊण कँडेला, म्हणजे साधारण एका मेणबत्तीपेक्षाही जरा कमी. कागदावर ठीक वाटतं. पाण्यात तो दिवा लाट माथ्यावर घेते तेवढ्यापुरता दिसतो, माणूस खाली गेला की गेला. प्रत्येक पांढरा फेस दिवा वाटतो. त्या माणसाला शेवटी हेलिकॉप्टरनं उचललं, जिवंत. आम्हाला तो दिसलाच नव्हता.

पहिल्या गाण्यात, ‘अँड ड्रीम ऑफ शीप’मध्ये, ती बाई त्याच दिव्याशी बोलते. तिला झोप येते आहे आणि झोपायचं नाही. थंड पाण्यात येणारी ती झोप थकव्याची नसते, अंग गार पडत चाललेलं असतं. आम्हाला प्रशिक्षणात हे घोकून घेतलेलं. मागे रेडिओवर सागरी विभागांची सूचना वाचणारा आवाज हळूच येतो. आणि मग एका बाईचा आवाज तिला जवळ बोलावतो. ती केटची खरी आई आहे. मुख्यतः पियानो आणि हे आवाज. मी सोफ्याच्या कडेवर येऊन बसलो होतो.

तिसऱ्या गाण्याला, ‘वेकिंग द विच’ला, मी उठून सुई उचलली. आवाज तुकडे तुकडे होऊन अडखळत होता, मला वाटलं ही प्रतही गेली. मुलगी म्हणाली, “बाबा, ते तसंच आहे.” खरंच तसंच आहे. नाकातोंडात पाणी जाणाऱ्या माणसाचा आवाज असाच तुटतो. तेव्हा प्रत बदलायला धावू नका. शेवटी हेलिकॉप्टर येतं, पाण्यातून बाहेर यायला ओरडणारा माणूस येतो, आणि तिथं माझ्या हातावर काटा आला.

‘वॉचिंग यू विदाउट मी’मध्ये ती मनानं घरी पोचते. तिचा माणूस घड्याळाकडे बघत तिची वाट बघतोय आणि ती शेजारी असून त्याला दिसत नाही. माझी बायको स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली, गाणं संपेपर्यंत हलली नाही. सतरा वर्षं ती घड्याळाकडे बघत होती. ती एवढंच म्हणाली, “हे कुणी लिहिलं?”

पुढे ‘जिग ऑफ लाइफ’मध्ये बाईचं म्हातारपण येऊन तिला जगायला बजावतं, लिआम ओ’फ्लिनच्या आयरिश पाइप्सच्या दणक्यात. ‘हॅलो अर्थ’मध्ये जॉर्जिया देशातल्या लोकगीताचा पुरुषी कोरस आहे, खोल पाण्यातून वर येतो तसा. आणि ‘द मॉर्निंग फॉग’ला जॉन विल्यम्सची गिटार, पहाट. माझ्या मते ती वाचते.

एक तांत्रिक गोष्ट. ही बाजू सव्वीस मिनिटांची आहे. एका बाजूला इतकं बसवायचं तर खोबणी एकमेकींना चिकटून कापाव्या लागतात आणि आवाज खाली घ्यावा लागतो. म्हणून बी बाजूचा आवाज ए पेक्षा बारीक वाटतो. आवाजाची चावी थोडी वर घ्या आणि सुई स्वच्छ ठेवा, कारण सुरुवातीच्या शांत पियानोत धुळीचा प्रत्येक कण ऐकू येतो. तरीही मी रेकॉर्डच घ्या म्हणेन. फोनवर ही सात गाणी सुटी होतात, मध्ये दुसरंच काही घुसतं. इथं रेकॉर्ड उलटायला उठावं लागतं, आणि एकदा उलटली की सव्वीस मिनिटं त्या बाईला पाण्यात एकटं सोडून जाता येत नाही.

2014 मध्ये, 35 वर्षांनी, केट लंडनच्या हॅमरस्मिथला रंगमंचावर परतली आणि ही अख्खी बाजू तिथं सादर केली. बावीस प्रयोग, तिकिटं पंधरा मिनिटांत संपली होती. त्यासाठीच्या चित्रफितीत ‘अँड ड्रीम ऑफ शीप’ तिनं पाण्याच्या टाकीत तरंगतच गायलं, इतका वेळ की अंग गार पडून त्रास झाला. पाण्यात गाणाऱ्या बाईचा आवाज कोरड्या खोलीत गाऊन येत नाही, हे तिला कळत होतं. मी तेव्हा जहाजावर होतो, प्रयोग हुकला. हळहळ अजून आहे.

मुलगी आता युनिव्हर्सिटीत आहे. जाताना ती ही रेकॉर्ड बॅगेत भरत होती. मी दिली नाही, तिला दुसरी प्रत घेऊन दिली. ती सपाट निघाली.