फ्लेक्स की अँटलर: बॅकस्लॅश कुणाच्या हवाली करायचा?

लातूरच्या आडत दुकानातली हिशेबपट्टी वाचणारी छोटी भाषा मी आधी फ्लेक्समध्ये लिहिली, मग अँटलर ४ मध्ये. दोन्ही जनरेटर आहेत, म्हणजे नियम दिले की मजकुराचे तुकडे ओळखणारा प्रोग्राम तयार करून देणारी साधनं. दोन्हीकडे अडलो एकाच जागी, बॅकस्लॅशपाशी.

व्याकरणात अवतरणात लिहिलेल्या शब्दांतले एस्केप, म्हणजे बॅकस्लॅशनं सुरू होणाऱ्या खुणा, दोन्ही जनरेटर स्वतःच सोडवतात. बॅकस्लॅश-एन म्हणजे नवी ओळ, बॅकस्लॅश-टी म्हणजे टॅब. इथं निवडीचा प्रश्नच नाही. तो येतो 'हमाली', 'तोलाई' असे शब्द आले की. फ्लेक्सला अक्षर दिसत नाही, बाइट दिसतो. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत 'ळ' तीन बाइटांचा, म्हणून फ्लेक्सच्या ऑक्टल (आठच्या पायावरच्या आकड्यांच्या) एस्केपमध्ये ३४०, २४४, २६३ असे तीन तुकडे लिहावे लागतात. अख्खा शब्द अवतरणात सरळ टाकला तर जुळतो. पण चौकोनी कंसात 'अ ते ह' लिहिलं की मधली रेंज (नेहमीच्या दशमान आकड्यांत) १३३ ते २२४ या बाइटांची होते आणि भलतंच काहीही आत शिरतं. अँटलरमध्ये 'ळ'साठी बॅकस्लॅश-यू आणि त्याचा युनिकोड क्रमांक ०९३३ एवढं पुरतं. ०९०० ते ०९७एफ ही रेंजही खरोखर देवनागरीचीच राहते.

आता खरी मेख. वापरणाऱ्यानं पट्टीत लिहिलेल्या मजकुरातले एस्केप दोन्हींपैकी कुणीच आपणहून सोडवत नाही. अँटलर टोकन (ओळखलेला तुकडा) देतं ते अवतरणं आणि बॅकस्लॅशसकट, जसंच्या तसं. मी घाईत अख्ख्या मजकुरावर एकामागून एक बदल लावले: आधी बॅकस्लॅश-एन, शेवटी दुहेरी बॅकस्लॅश (म्हणजे एक खरा बॅकस्लॅश). इंग्रजीत नांदेड नावाचा फोल्डर होता. वापरणाऱ्यानं त्याच्या आधी बरोबर दोन बॅकस्लॅश दिले होते, तरी दुसरा बॅकस्लॅश आणि नांदेडचा 'एन' मिळून नवी ओळ झाली. तुळजापूरच्या फोल्डरात तसाच टॅब घुसला. मजकूर डावीकडून उजवीकडे एकदाच वाचून, बॅकस्लॅश दिसला की पुढचं अक्षर तिथंच निकाली काढायचं, हाच उपाय.

फ्लेक्समध्ये हे काम सोपं जातं. अवतरण उघडलं की वेगळी स्टार्ट कंडिशन (ठरावीक नियमच चालू ठेवणारी अवस्था) लावायची आणि प्रत्येक एस्केप ओळखल्या जागी बफरमध्ये उतरवायचा. अँटलरमध्ये त्यासाठी वेगळं फंक्शन लिहावं लागलं.

वजनकाट्याला जोडलेल्या छोट्या बोर्डावर सी भाषेतच चालवायचं असेल तर फ्लेक्स घ्या. कीवर्ड मराठी असतील तर माझं मत ठाम अँटलरच्या बाजूनं आहे. मात्र कुठलंही घेतलं तरी अनोळखी एस्केप मुकाट्यानं गिळू नका. ओळ क्रमांकासह चूक दाखवा, म्हणजे मुनीमजींना पट्टी कुठं दुरुस्त करायची ते कळेल.