७४९ रुपयांचा ओबीडी डोंगल, मागे कॅराव्हॅन, समोर कुंभार्ली घाट : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात हा डोंगल घेतला (ओबीडी सॉकेट म्हणजे गाडीच्या संगणकाचे आकडे वाचायची खाच; त्यात हा डबा खुपसला की इंजिनाचं तापमान फोनवरच्या ॲपमध्ये दिसतं) आणि तिसऱ्याच दिवशी त्याला एक तारा ठोकला. ती तक्रार मी मागे घेत नाहीये. आज चार तारे देतोय, पाचवा अडलाय तोही त्याच तक्रारीपायी.

गाडी २०१४ ची डिझेल एसयूव्ही. मागे कोल्हापूरकडून जुनी उचललेली छोटी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीला जोडून ओढायचं चाकांवरचं घर, सामानासकट ९०० किलोच्या आसपास. घर गुहागरला, सासुरवाडी कराडला, त्यामुळे कुंभार्ली काही चुकत नाही. दिवाळीत भाऊबीजेला निघालो. पोफळी मागे टाकली, चढ लागला. एसी चालू, गाडी तिसऱ्यात, मुलं मागे चकल्या खातायत. तापमानाचा काटा नेहमीसारखा बरोबर मध्यावर. मग दोन वळणांत तो मध्यावरून थेट लाल पट्टीत गेला आणि बॉनेटमधून वाफ. ओवाळणी झाली रात्री साडेनऊला, तीही मेव्हणा दुसरी गाडी घेऊन खाली आला म्हणून.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी रेडिएटर, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप), वॉटर पंप असं सगळं धरून २८,४०० चं एस्टिमेट हातात दिलं. यातलं नक्की खराब काय झालंय, असं विचारलं तर उत्तर आलं, "ओढायला लावलीत तर गरम होणारच साहेब. सगळं बदलून टाका, डोक्याला ताप नको." ताप तर एस्टिमेट बघूनच चढला होता. कागद घडी करून खिशात टाकला आणि घरी येऊन डोंगल मागवला.

आता ती तक्रार. माझ्या गाडीत ओबीडीचं सॉकेट स्टेअरिंगच्या खाली, बरोबर डाव्या गुडघ्यासमोर आहे. डोंगल चांगला दोन बोटं बाहेर येतो. क्लच दाबून पाय वर घेतला की गुडघा त्याला लागतो, लागला की कनेक्शन तुटतं, आणि ॲप पुन्हा जोडलं जाईपर्यंत वीस-पंचवीस सेकंद जातात. सपाटीला चालून जातं. पण घाटात दर वळणाला क्लच, म्हणजे आकडा बघायची खरी गरज असते तेव्हाच पडद्यावर दोन आडव्या रेघा. वर तो निळा दिवा! रात्री गाडी चालवताना पायाशी सतत लुकलुकत असतो. हा डबा अर्धा आखूड केला असता तर कुणाचं काय गेलं असतं? शेवटी काटकोनी वायर घेतली, २२० रुपये. म्हणजे डोंगलच्या किमतीच्या जवळजवळ ३० टक्के निव्वळ गुडघ्यासाठी. हे मी विसरणार नाही.

वायर लागल्यावर मात्र जे दिसलं त्यानं गाडीबद्दलचं माझं मत बदललं. डॅशबोर्डवरचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, लोकांनी उगाच घाबरू नये म्हणून. माझ्या गाडीत तो ७८ अंशांना मध्यावर येतो आणि १०८ पर्यंत हलत नाही. तीस अंश गाडी वर जाते आणि आपण आपले चकल्या खातोय.

आधी मी सगळा दोष वजनाला दिला. कॅराव्हॅनची पाण्याची टाकी रिकामी केली, गॅसची शेगडी घरी ठेवली, बायकोच्या दोन पिशव्याही उतरवल्या (त्याबद्दल अजून ऐकतोय). फरक पडला जेमतेम एका अंशाचा. मग आकडे वहीत लिहायला लागलो. सपाटीला ६०च्या वेगानं ८८ ते ९०. घाटात दुसऱ्या-तिसऱ्यात २५च्या वेगानं १०८. घाटमाथा ओलांडून हेळवाकच्या बाजूला गाडीनं जरा वेग घेतला की दोन-तीन किलोमीटरांत पुन्हा ९१. म्हणजे पाणी फिरतंय, थर्मोस्टॅट उघडतोय. कमी पडतोय तो वारा.

जानेवारीत गुहागरच्या गॅरेजवाल्यानं एसीचा कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढे बसणारी एसीची जाळी, सैल करून पुढे ओढला. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत सुरूच्या सुया अक्षरशः गादीसारख्या बसलेल्या. वर्षभर कॅराव्हॅन जोडून गाडी किनाऱ्यावरच्या सुरूंखाली सावलीत लावायचो, तिथं ती गळती. त्यावर तांबडी धूळ, त्यात पंख अडकलेले किडे, आणि खाऱ्या दमट हवेनं सगळ्याचा लगदा. समोरून बघितलं तर जाळी चकचकीत. चिमट्यानं काढून काढून अर्धी बादली भरली. मग बागेच्या नळीनं, पाण्याला जोर न देता, इंजिनाच्या बाजूनं पुढे असं धुतलं. प्रेशर वॉशर लावू दिला नाही, ॲल्युमिनियमचे फिन, म्हणजे जाळीतल्या पातळ पट्ट्या, आडवे पडतात. त्याच दिवशी रेडिएटरचं झाकण बदललं, २८० रुपये. जुन्याचं रबर चपटं झालेलं, दाब पुरता धरत नव्हतं. निम्मं कूलंट (इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळायचा द्रव) निम्मं पाणी असेल आणि झाकणानं दाब धरला तर उकळायला सव्वाशेच्या आसपास जावं लागतं, उघड्यावर १०७ ला काम संपतं. माझ्या गाडीत तर आधीच्या सर्व्हिसला कुणीतरी नुसतं पाणी भरलं होतं. आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, विहिरीचं पाणी नाही.

पुढच्या फेरीला घाटात १०२. मी खूश होऊन इथे चार तारे द्यायला बसलोही होतो. मग एप्रिल आला, ऊन तापलं आणि त्याच वळणांवर पुन्हा १०६.

या वेळी गॅरेजवाल्यानं गाडी चांगली तापवली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडून पंखा हातानं फिरवला. गरगर फिरला. "दादा, गरम असताना हा जड लागायला हवा. क्लच गेलाय." पंख्याच्या व्हिस्कस क्लचमध्ये सिलिकॉनचं तेल असतं. गरम झाल्यावर त्यानं पंख्याला धरायचं, माझ्या गाडीत ते धरत नव्हतं आणि पंखा हौसेपुरता फिरत होता. नवा क्लच मजुरीसकट ४,६००. आता त्याच चढाला, त्याच वजनाला ९७-९८. क्लच धरतो तेव्हा पंख्याचा घोंघाट आत ऐकू येतो, आधी तो कधीच आला नव्हता हे आत्ता लक्षात येतं.

आकडा समोर असल्यानं चालवणंही बदललं. तिसऱ्यात १५०० आरपीएमवर कण्हत चढण्यापेक्षा दुसऱ्यात २५०० वर गाडी दोन-तीन अंश थंड राहते. पंप आणि पंखा जोरात फिरतात आणि इंजिनाला दर फेरीला जोर कमी लावावा लागतो. मला आधी उलटं वाटायचं. एसी बंद केला की आणखी तीन अंश. १०५ चा अलार्म लावलाय. तो वाजला तर हीटर पूर्ण, काचा खाली, आणि मोकळी जागा बघून गाडी बाजूला. इंजिन लगेच बंद करत नाही, नुसतं फिरू देतो. झाकणाला तर तासभर हात नाही.

बाकी किरकोळ. आठवडाभर डोंगल लावून गाडी उभी ठेवली तर बॅटरी उतरली, तेव्हा काढून ठेवायचा. मे महिन्यात तर गंमतच झाली. घाटात इंजिन ९६ वर निवांत आणि डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेला फोनच तापून बंद पडला. आता फोन एसीच्या झडपेसमोर लावतो. एसी बंद असला तरी वारा लागतो.

एकूण खर्च डोंगल, वायर, झाकण, क्लच, कूलंट धरून सात हजारांच्या आत. २८,४०० चा कागद अजून जपून ठेवलाय. निळ्या दिव्यावर चिकटपट्टी लावली होती, पहिल्याच पावसात दमटपणानं सुटली. आणि मेव्हणा दर फोनला विचारतो, जरा आठ दिवस दे की तुझा तो डोंगल. त्याला लिंक पाठवलीय. वायरचीसुद्धा.