आधी शर्ट उसवायला लावणारं शिबिर

शाश्वत फॅशनच्या नावाखाली जुन्या जीन्सच्या पिशव्या शिवून घेणाऱ्या कार्यशाळा हल्ली पुष्कळ निघाल्यात. पिशवी घरी येऊन खुंटीला लागते आणि खरेदीची सवय होती तशीच राहते. कपडे ओळखायला, दुरुस्त करून वापरायला शिकवणारं हे दोन दिवसांचं शिबिर त्यातलं नाही. मी शिवणकाम शिकवते, त्यामुळे माझं लक्ष शिकवण्याच्या पद्धतीकडेच होतं, आणि ती मला मनापासून आवडली.

पहिल्या सत्रात शिवायला काहीच देत नाहीत. प्रत्येकाला एक वापरलेला शर्ट आणि सीम रिपर, म्हणजे टीप उसवायचं छोटं हत्यार, मिळतं. कॉलर, कफ, बटणपट्टी, बाह्या, सगळं उसवून जमिनीवर मांडायचं. वीसेक तुकडे होतात. प्रत्येक तुकडा कुणीतरी कापलेला, कुणीतरी मशीनखाली धरलेला. ते समोर पसरलेले असतानाच शिकवणाऱ्या ताई राणा प्लाझाबद्दल सांगतात. ढाक्याजवळच्या सावरमधली ती इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी शिलाई कामगारांना कामावर बोलावलं गेलं आणि अकराशेहून जास्त माणसं गेली. शेजारची कॉलेजातली मुलगी हातातला कफ उलटसुलट करून त्यावरची टीप बघत राहिली. तक्ते आणि स्लाइड दाखवून हे झालं नसतं.

मग कापड ओळखणं. चिमट्यात एकेक धागा धरून जाळून बघायचा, खाली पाण्याचं भांडं. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि हलकी राख उरते, लोकरीला जळक्या केसांचा वास, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात राखही सापडते आणि मणीही. असे दोन जातींचे धागे एकत्र विणले की पुढे ते वेगळे करणं फार अवघड, म्हणून असल्या कपड्यापासून पुन्हा नवा कपडा क्वचितच होतो. हे प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी कळलं.

रफूला अख्खी दुपार दिली आहे आणि शिबिराचा खरा जीव तिथेच आहे. भोकाच्या कडेला लागून सुई घालायची नाही, चांगलं कापड लागेपर्यंत मागे सरकायचं. आधी उभे धागे, मग आडवे, एक वर एक खाली. दोरा ओढून घट्ट केला की कापड चुरमडतं, म्हणून वळणावर थोडा सैल सोडायचा. ठिगळाचं कापड आधी धुऊन घ्यायचं, नाहीतर ते नंतर आटतं. शिकवणारे कुणाच्या हातातून सुई काढून घेत नाहीत, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. आठवीतल्या एका मुलाने स्वेटरच्या कोपराचं भोक असं भरलं, की मी माझ्या वर्गात दाखवायला त्याचा फोटो मागून घेतला.

नैसर्गिक रंगाईचं सत्र मात्र कच्चं आहे. सुती कापडावर रंग धरायला आधी खळ पूर्ण निघायला हवी, मग हिरड्यासारखं तुरट द्रव्य, मग तुरटी, आणि त्यात मुरायला वेळ. इथे कापड तुरटीच्या पाण्यातून नुसतं बुचकळून काढलं आणि थेट हळदीत टाकलं. हळदीचा रंग उन्हात उडतोच. घरी गेल्यावर रुमाल फिका पडला, की शिकणाऱ्याला वाटणार नैसर्गिक रंग टिकतच नाहीत, आणि ते खरं नाही. वेळ कमी असेल तर कापड आधीच मुरवून आणा आणि डाळिंबाची साल वापरा. हे मी आयोजकांना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

कपड्यांची अदलाबदल ठीक होती, मोठ्या मापांचं काही नव्हतं. मशीनही कमी, रांग लागते.

जाणार असाल तर स्वतःचा फाटलेला, आवडता कपडा न्या, तिथला सरावाचा तुकडा नको. जवळचा चष्मा विसरू नका. शिवणाचा गंध नसलेल्यांनी तर जरूर जावं, सुईत दोरा ओवण्यापासून शिकवतात.