औषध सुरक्षेचं प्रशिक्षण आणि मेंटॉरशिप: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

फार्मसीचं शिक्षण झाल्यावर काही वर्षं रुग्णालयाच्या औषध विभागात काढली आणि मग फार्माकोव्हिजिलन्सकडे, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या कामाकडे, वळायचं ठरवलं. त्यासाठी एक ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं. त्यात रेकॉर्ड केलेली लेक्चर्स, सरावासाठी डेटाबेस आणि नोकरी लागल्यावरही काही महिने चालू राहणारी मेंटॉरशिप होती. आता केस प्रोसेसिंगच्या (दुष्परिणामांचे आलेले रिपोर्ट तपासून नोंदवण्याच्या) कामात रुळले आहे, त्यामुळे काय उपयोगी पडलं आणि काय नाही हे नीट सांगता येईल. संस्थेचं नाव घेत नाही. काय बघून पैसे भरावेत, हे कुठल्याही कोर्सला लागू पडतं.

लेक्चर्स ठीकठाक. वैध रिपोर्टसाठी लागणाऱ्या चार गोष्टी (ओळखता येईल असा रुग्ण, रिपोर्टर, संशयित औषध आणि दुष्परिणाम), गंभीरतेचे निकष, ‘सिरियस’ (परिणामाने गंभीर) आणि ‘सिव्हिअर’ (त्रासाने तीव्र) यांतला फरक, गंभीर केस कळवण्यासाठी डे झिरोपासून (माहिती हाती आल्याच्या दिवसापासून) मोजायचे 15 दिवस आणि ते कॅलेंडरचे दिवस, सुट्ट्या धरून. क्लिनिकल ट्रायलमध्ये औषधामुळे झाल्याचा संशय असलेला अनपेक्षित मृत्यू किंवा जिवाला धोका असेल तर पहिली सूचना 7 दिवसांत. सगळं बरोबर शिकवलं, पण हे आयसीएचच्या (औषधांचे नियम देशोदेशी सारखे करणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये फुकट वाचायला मिळतं. फक्त एवढ्यासाठी कोणी कोर्स घेऊ नये.

खरी किंमत वसूल झाली ती मेंटॉरशिपमध्ये. आमच्या मॅडम दर आठवड्याला एक सरावाचा रिपोर्ट द्यायच्या, आणि तो मुद्दाम अर्धवट असायचा, प्रत्यक्षात येतो तसाच. एक उदाहरण देते. रक्तदाबासाठी रामिप्रिल सुरू केलं, काही दिवसांनी कोरडा खोकला लागला, औषध बंद केल्यावर थांबला. रिपोर्ट एवढाच. त्रास औषधामुळेच झाला असण्याची शक्यता गुणांनी मोजणारी नारांजो स्केल लावायची होती. 10 प्रश्नांची ही पद्धत 1981 सालची आहे आणि लेक्चरमध्ये ती पाच मिनिटांत उरकली होती. मॅडमनी तिच्यावर सबंध तास घालवला. या औषधाने खोकला येतो हे आधीपासून माहीत आहे, 1 गुण. औषध घेतल्यानंतर त्रास सुरू झाला, 2 गुण. बंद केल्यावर कमी झाला, 1 गुण. झाले 4, म्हणजे ‘पॉसिबल’. आता खोकल्याला दुसरं काही कारण होतं का? रिपोर्टमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून 0. पण फोन करून विचारलं, सर्दी नव्हती, दमा नाही, धूम्रपान नाही असं कळलं, तर 2 गुण वाढतात आणि तीच केस 6 वर, ‘प्रॉबेबल’मध्ये जाते. उलट त्याच आठवड्यात सर्दी झाली होती असं निघालं, तर एक गुण वजा.

एका फॉलो-अप प्रश्नावर केसचा वर्ग बदलतो, हे असं आकड्यात दिसल्यावर डोक्यात पक्कं बसतं. तेव्हापासून आमच्या बॅचमध्ये केस वाचताना पहिला प्रश्न असायचा, ‘यात काय नाहीये?’ माझ्या मते या पेशात शिकवण्यासारखी हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. रकाने भरायला कोणीही शिकतं. रिकामा रकाना पाहून नेमकं काय विचारायचं, ते मात्र अनुभवी माणसाशेजारी बसूनच येतं.

मेड्राच्या, म्हणजे दुष्परिणामांना ठरावीक नावं देणाऱ्या वैद्यकीय शब्दकोशाच्या, कोडिंगचंही तसंच. शब्दकोशाच्या पाच पातळ्या आणि वर्षातून दोनदा येणारी नवी आवृत्ती पाठ करायला वेळ लागत नाही. पण ‘चक्कर येऊन पडले, मांडीचं हाड मोडलं’ या एका वाक्यावर बॅचमध्ये अर्धा तास वाद झाला. कोणी फक्त फ्रॅक्चर कोड केलं, कोणी तिन्ही घटना घेतल्या, एकाने रक्तदाब कमी झाला असेल म्हणून हायपोटेन्शन टाकलं. मॅडमनी तिन्ही घटना ठेवल्या आणि हायपोटेन्शन काढलं. रिपोर्टरने न सांगितलेलं निदान आपण जोडायचं नाही. रक्तदाबाची शंका येत असेल, तर ती फॉलो-अपच्या प्रश्नात लिहायची.

नॅरेटिव्ह, म्हणजे केसची सलग लिहिलेली हकीकत, मॅडम ओळ न् ओळ वाचून परत पाठवायच्या. ‘औषधामुळे’ आणि ‘औषध सुरू केल्यानंतर’ यातला फरक त्यांच्या लेखी फार मोठा होता, आणि आज रोज काम करताना तो का मोठा आहे हे मला कळतं.

इतिहासाचा भागही त्यांनी वेगळा शिकवला. 1961 मध्ये थॅलिडोमाइड या गर्भवतींनाही दिल्या जाणाऱ्या औषधाबद्दल विल्यम मॅकब्राइड या ऑस्ट्रेलियन प्रसूतितज्ज्ञाचं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेलं पत्र त्यांनी वाचायला लावलं. पत्र अगदी छोटं आहे. जन्मजात व्यंगं दिसताहेत एवढं सांगून शेवटी तो इतर डॉक्टरांना विचारतो, तुम्हालाही असं काही दिसलंय का? पुढे 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा औषध देखरेखीचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि आज त्याच्या व्हिजिबेस या डेटाबेसमध्ये 3 कोटींहून जास्त रिपोर्ट आहेत. त्यातला प्रत्येक रिपोर्ट कोणीतरी कुठेतरी वेळ काढून पाठवलेला आहे. तो अर्धवट राहू देणं मला आता खरोखर जिवावर येतं.

आता तक्रारी. सिग्नल डिटेक्शन, म्हणजे बऱ्याच रिपोर्टमधून नव्या धोक्याची चाहूल ओळखणं, फारच उथळ. पीआरआर (इतर औषधांच्या तुलनेत तो दुष्परिणाम किती पट नोंदला जातो) 2 किंवा जास्त, काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रीय चाचणी 4 किंवा जास्त, किमान 3 केसेस, एवढं सूत्र सांगून पुढे गेले. एखाद्या औषधाची बातमी गाजली की रिपोर्ट अचानक वाढतात आणि आकडा फुगतो, मग खरा सिग्नल कसा ओळखायचा, यावर एकही सराव नाही. पीबीआरईआरची (औषधाच्या फायद्या-धोक्यांचा ठरावीक काळाने द्यायचा अहवाल) फक्त रचना दाखवली, लिहून कोणी घेतला नाही. सरावाच्या डेटाबेसमधून ई2बी फाइल (केस इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायचा ठरलेला नमुना) बाहेर पाठवता येत नव्हती, त्यामुळे पाठवलेली केस नाकारली गेली तर काय करायचं ते नोकरीत गेल्यावरच शिकले. शेवटच्या टप्प्यात बॅच मोठी केली आणि नॅरेटिव्ह तपासून यायला फार उशीर व्हायला लागला. ज्या गोष्टीसाठी हा कोर्स घ्यावा, तिथेच काटकसर झाली याचं वाईट वाटलं.

केस प्रोसेसिंगमध्ये नव्याने येणाऱ्याला मी हा कोर्स घे म्हणेन. दोन-तीन वर्षं केसेस करून सिग्नलकडे जायचं असेल, तर नको. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी मात्र लेखी विचारून घ्या: तुमचं नॅरेटिव्ह कोण तपासणार, त्यांनी स्वतः किती वर्षं केसेस केल्या आहेत, आणि एका मेंटॉरकडे किती जण असतील. लेक्चरच्या तासांचा आकडा कितीही मोठा असला, तरी या तिन्हींची सरळ उत्तरं मिळत नसतील तर दुसरीकडे बघा.