उलटं बसवलेलं ४६ साइझचं ग्लो इंजिन: एका हंगामानंतर

घेताना दुकानदार म्हणाला होता, "उलटं बसवा की सरळ, इंजिनला काही फरक पडत नाही." पडतो. दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत हे ७.५ सीसीचं (०.४६ घन इंच, म्हणून ४६ साइझ) टू-स्ट्रोक ग्लो इंजिन, म्हणजे प्लगच्या तापलेल्या तारेने इंधन पेटवणारं, मी दुसऱ्या महायुद्धातल्या एका फायटरच्या रिमोटवर उडणाऱ्या स्केल मॉडेलवर चालवलं, आणि अख्खा हंगाम टाकीच्या उंचीपायी गेला. ताकदीबद्दल तक्रार नाही. ११×६ प्रॉपवर (११ इंची पंखा, ६ इंच पिच) विमान हवं तसं चढतं. स्केल मॉडेलच्या काउलमधून (इंजिनवरच्या आवरणातून) सिलिंडरचं डोकं वर आलेलं मला बघवत नाही, म्हणून उलटं बसवलं.

त्रास असा की फुल थ्रॉटलला खणखणीत चालायचं, आणि थ्रॉटल खाली घेतला की थोडं गुरगुरून बंद. टाकी भरलेली असताना तर हमखास. सांताक्रूझ आणि जुहू असे दोन विमानतळ असलेल्या मुंबईत आपल्याला उडवायला जागा कुठली, म्हणून आम्ही कर्जतच्या पुढे एका माळावर जातो. तिथे धावपट्टीच्या अलीकडे भातखाचरं आहेत. लँडिंगला येताना इंजिन बंद पडलं की विमान थेट बांधावर. एकदा अंडरकॅरेज (चाकांचा सांगाडा) मुळासकट निघालं.

दुकानात नेलं, तर त्यांनी स्टँडवर सरळ बसवून चालवून दाखवलं आणि वर नवा कार्बोरेटर घ्या म्हणाले. अहो, तुमच्याच स्टँडवर हाच कार्बोरेटर नीट चालतोय ना? मग मी पैसे कशाचे मोजू? वाद झाला. मी घेतला नाही, आणि बरंच झालं.

दोष किटच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या पुढच्या फळीत निघाला. टाकीचा मध्य स्प्रेबारच्या (कार्बोरेटरमधल्या इंधन सोडणाऱ्या नळीच्या) पातळीत किंवा ६ ते १० मिलिमीटर खाली हवा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण इंजिन उलटं केलं की प्रॉपच्या अक्षाच्या वर असणारा कार्बोरेटर अक्षाच्या खाली जातो. किटवाल्याने टाकीचं भोक मात्र सरळ इंजिनच्या हिशोबाने पाडलेलं. माझी टाकी स्प्रेबारपेक्षा जवळजवळ दोन सेंटिमीटर वर बसली होती! भरल्या टाकीतलं इंधन आपल्याच वजनाने खाली उतरतं, आयडलला, म्हणजे थ्रॉटल अगदी खाली असताना, मिश्रण रिच होतं (इंधन जास्त, हवा कमी), आणि न जळलेले थेंब हेडमध्ये साचतात. उलट्या इंजिनात तिथेच तळाला प्लग असतो. ग्लो प्लगला ठिणगी नसते. आधीच्या ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या तारेवर मिथेनॉलची होणारी प्रक्रिया, एवढ्यावर ती तार लाल राहते. आयडलला उष्णता आधीच कमी, त्यात तार ओली झाली की इंजिन गेलंच.

फायरवॉलला खाली नवं भोक पाडलं, जुनं बुजवून इपॉक्सी फासलं, एक फॉर्मर (धडातली आडवी चौकट) कोरून टाकी फोमसकट खाली बसवली. मग लो-एंड नीडल, म्हणजे आयडलचं इंधन ठरवणारी सुई, थोडी लीन केली (इंधन कमी केलं). इंजिन तेच, प्लगही तोच, आणि आता भरल्या टाकीवरसुद्धा आयडल अडीच हजारांच्या आसपास शांत टिकतं. या इंजिनाला मी मनात एक स्टार देऊन ठेवला होता, आज चार देतो.

ऑनबोर्ड ग्लो, म्हणजे उडतानाही प्लगला करंट देणारी विमानातली बॅटरी, मला चैन वाटायची. तेही मत बदललं. निकेल-मेटल हायड्राइडचा १.२ व्होल्टचा एक सेल आणि थ्रॉटलच्या सर्व्होने (थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरने) दाबला जाणारा मायक्रोस्विच, लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून घरीच जोडला. तयार सर्किटपेक्षा कितीतरी स्वस्त. थ्रॉटल पावाच्या खाली आला की प्लगला करंट मिळतो. टाकी जागेवर आल्यावर याची दर वेळी गरज पडत नाही, पण अप्रोचवर, म्हणजे उतरायला येताना, जिवाला घोर राहत नाही.

इंधन भरताना मात्र जपा. कार्बोरेटरची नळी चिमट्याने बंद करा आणि मफलरकडची प्रेशर नळी (मफलरमधला दाब टाकीला देणारी) काढून ठेवा. नाहीतर टाकी ओसंडली की इंधन त्या नळीने मफलरमध्ये आणि तिथून एक्झॉस्ट पोर्टमधून हेडमध्ये उतरतं. द्रव दाबला जात नाही. त्यावर इलेक्ट्रिक स्टार्टर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून प्लगला करंट देण्याआधी प्रॉप हाताने दोनदा फिरवून बघायचा. अडला तर जोर लावू नका, प्लग काढा आणि पुन्हा फिरवा, साचलेलं सगळं खाली गळून जातं. मी तर विमान पाठीवर झोपवूनच सुरू करतो, जोडीदार घट्ट धरतो, आणि इंजिन तापलं की आम्ही ते सरळ करतो.

मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा आपल्याकडच्या दमट हवेत कॅनचं झाकण घट्ट हवं. दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी करून इंजिन कोरडं होईपर्यंत चालवायचं आणि आफ्टर-रन ऑइल (गंज रोखणारं तेल) घालायचं, नाहीतर मागचं बेअरिंग गंजतं.

इंजिन जरूर घ्या. किट घेताना मात्र फायरवॉलवर पट्टी लावून भोकाची उंची मोजा. आणि किटवाल्यांना एक मागणी: उलट्या इंजिनासाठी खालच्या भोकाची खूण तेवढी छापून द्या. एका रेघेला खर्च येत नाही, आमचं अंडरकॅरेज वाचेल.